कॅरव्हॅनची बाहेरची पट्टी सुटली? मग या चुका टाळा

जून लागायच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्या शेडमध्ये एकच वाक्य कानावर येतं: "दादा, पट्टी जराशी सुटलीय, तेवढी चिकटवून द्या. उद्या सापुताऱ्याला निघायचंय." उद्या निघायचंय म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. सुटलेली पट्टी चिकटवायची नसते. आधी ती पूर्ण काढायची आणि तिच्यामागे काय झालंय ते बघायचं. एवढी एक गोष्ट लोकांनी ऐकली असती तर माझं अर्धं काम कमी झालं असतं, आणि मला त्याचा आनंदच झाला असता.

उमेदीची वर्षं मी आडगावला, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, ट्रक-बसच्या बॉड्या बांधण्यात घालवली. राज्याने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच्या आगेमागे आपल्याकडेही गाडीमागे ओढायचे, आत राहायची सोय असलेले ट्रेलर, म्हणजे कॅरव्हॅन, दिसू लागले आणि त्यांची डागडुजी माझ्याकडे यायला लागली. ट्रकचा सांगाडा लोखंडी, तिथे पाणी शिरलं तर गंज दिसतो. ट्रेलरच्या भिंतीत बरेचदा लाकडी पट्ट्या आणि प्लायवुड असतं, वरून फायबरचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आतलं लाकूड कुजून जातं तरी बाहेरचा पत्रा चकचकीतच राहतो.

कोपऱ्यावर दोन पत्रे जिथे मिळतात तो सांधा झाकायला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते. तिच्या मधल्या खाचेत ठरावीक अंतरावर स्क्रू, स्क्रू झाकायला वरून विनाइलची, म्हणजे मऊ प्लास्टिकची, बारीक पट्टी, आणि पट्टीच्या मागे ब्युटाइल या मऊ रबराचा चिकट थर. पाणी अडवतो तो हा ब्युटाइलचा थर. तो वाळून तडकला किंवा स्क्रूखालचं लाकूड मऊ झालं की पट्टी उठते. म्हणजे तुम्हाला पट्टी सुटलेली दिसते तेव्हा आतलं दुखणं बरंच जुनं झालेलं असतं.

वरून सिलिकॉन फासणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

गंगापूर रोडला राहणारे एक निवृत्त सर जुलैत ट्रेलर घेऊन आले. सेकंडहँड घेतलेला, पण जीव लावून सांभाळलेला. इगतपुरीकडे तीन दिवस भर पावसात राहून आले होते. तक्रार एवढीच की पुढच्या डाव्या कोपऱ्याची पट्टी हलते आणि आत पलंगाशी वास येतो. पट्टीच्या दोन्ही कडांना सिलिकॉनचा अंगठ्याएवढा जाड थर होता. सरांनी सांगितलं, दर मे महिन्यात दोन ट्यूब आणतो आणि स्वतः भरतो. तीन वर्षं झाली.

"सर, हे सगळं काढावं लागेल."

"अहो, पण वरून तर पक्कं दिसतंय."

ब्लेडने कड कापली, खालून पटाशी सरकवली आणि पट्टी ढिली होताच आतून पाणी आलं. थेंब थेंब नव्हे, तांब्या कलंडावा तसं. चौदा स्क्रूंपैकी नऊ स्क्रू नुसत्या बोटांनी निघून आले. त्यांचे दांडे गंजून सुतळीएवढे राहिले होते. प्लायवुडला हात लावला तर चहात बुडवलेल्या बटरसारखं गळून पडलं. आत काकूंनी ओल लागू नये म्हणून गादीखाली वर्तमानपत्र पसरलं होतं. ते बुरशीने गादीलाच चिकटलं होतं, अक्षरं गादीवर उलटी उमटली होती. काकू ती गादी बघून काही बोलल्या नाहीत, नुसत्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

पाणी शिरत होतं ते वर, छताच्या सांध्याशी, नखाएवढ्या फटीतून. तिथे सर कधी चढलेच नव्हते. खाली मात्र त्यांनी सगळं बंद करून टाकलं होतं. वरून आलेलं पाणी पूर्वी पट्टीच्या खालच्या टोकातून निघून जायचं, ती वाटच सिलिकॉनने बुजली. तीन पावसाळे ते पाणी भिंतीत मुरत राहिलं. खालची चार फुटांची लाकडी पट्टी बदलावी लागली, आणि पावसाळ्यात लाकूड वाळवायला पंखे लावून आठ दिवस गेले. वेळेवर पट्टी काढली असती तर ते दीड दिवसाचं काम होतं.

सिलिकॉनचा दुसरा त्रास ते काढताना कळतो. जिथे ते एकदा लागलं तिथे त्याचा अदृश्य पापुद्रा राहतो आणि त्यावर दुसरं काहीच धरत नाही. रंग नाही, टेप नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. मी प्लास्टिकच्या खरवडणीने जाड थर काढतो, मग टर्पेंटाइनने घासतो, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. नंतर त्या जागेवर पाणी शिंपडून बघतो. पाण्याचे मोती झाले तर सिलिकॉन अजून आहे, पाणी सपाट पसरलं तर जागा स्वच्छ. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. आणि थिनर खिडकीच्या अ‍ॅक्रिलिकवर उडाला तर काचेत बारीक तडे जातात, ते परत जात नाहीत.

मग काय लावायचं? पट्टीच्या मागे ब्युटाइल टेप, दुसरं काही नाही. ती बरीच वर्षं मऊ राहते, पत्रा हलला तर तीही हलते, आणि पाच-सहा वर्षांनी पट्टी परत काढायची वेळ आली तर निघते. पॉलियुरेथेनचं सीलंट उत्तम चीज आहे, पण ते पट्टीच्या मागे भरलंत तर पुढच्या वेळी पट्टीबरोबर पत्राही वाकून येईल. मी ते फक्त वरच्या आणि बाजूच्या कडांना बारीक ओढतो. खालचं टोक मोकळं ठेवतो. सगळं पक्कं बंद करायचा लोकांचा आग्रह असतो, पण शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवीच. यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच जण भेटतात. मी त्यांना सरांची ती गादी आठवून सांगतो.

स्क्रू नुसताच फिरतोय, म्हणून जाडा स्क्रू ठोकणं

स्क्रू फिरतो पण आवळत नाही, म्हणजे लाकडातले आटे गेले. बहुतेक जण इथे एक नंबर मोठा स्क्रू घेतात. तो दोन महिने धरतो, मग तोही फिरायला लागतो, मग आणखी मोठा. शेवटी पट्टीचं भोकच एवढं मोठं होतं की स्क्रूचं डोकं आरपार जातं.

आधी टोचा घ्या आणि भोकाच्या आजूबाजूला लाकडात दाबा. पिकल्या पेरूत गेल्यासारखा टोचा आत गेला तर तिथे कोणताही स्क्रू धरणार नाही, ते लाकूड काढावंच लागेल. कुठवर काढायचं ते वाजवून कळतं. पेचकसाच्या मुठीने पत्र्यावर हळू ठोकत जा, टणक आवाज बदलून बद्द आवाज कुठे येतो तिथे पेन्सिलने खूण करा. मी त्या खुणेच्या पुढे चार बोटं जास्तच काढतो.

लाकूड टणक आहे, फक्त भोक सैल झालंय, अशी वेळ असेल तर काम सोपं आहे. भोक 8 मिमीचं करायचं, लाकडी खुंटी इपॉक्सी गोंदात बुडवून आत ठोकायची आणि एक रात्र तसंच सोडायचं. सकाळी 2.5 ते 3 मिमीचं भोक पाडून 8 नंबरचा स्क्रू बसवायचा. काडेपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू आवळणारे कारागीर मी पाहिलेत. गिऱ्हाईक दारातून बाहेर पडेपर्यंत ते टिकतं. ही एक रात्र थांबायलाच लोक तयार नसतात, आणि नव्याने हौस लागलेली मंडळी तर मुळीच नाहीत. यंत्र हातात आलं की त्यांना आवळायची घाई होते. माझ्या शेडमध्ये या कामाला बॅटरीचं ड्रिल मी वापरू देत नाही. भोक पाडायला चालेल, आवळायला हातातला पेचकस. लाकडाने धरलं की सोडलं, हे मनगटाला कळतं, मशिनला नाही.

स्क्रूची लांबी जुन्या स्क्रूएवढीच ठेवा. एका ट्रेलरमध्ये कुणीतरी दोन इंची स्क्रू मारून छताजवळच्या दिव्याची वायर टोचून ठेवली होती. मालक सहा महिने फ्यूज बदलत होते.

आणि साधे लोखंडी स्क्रू नकोत, 304 स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधं लोखंड ओलीत पटकन गंजतं आणि गंजाचे ओघळ पत्र्यावर कायमचे राहतात. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना मी थोडं सीलंट लावतो, मगच बसवतो.

थंडीत डबल टेप

चाकाच्या कमानीवरच्या किंवा खालच्या कडेच्या शोभेच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर बसवलेल्या असतात. तिथे अ‍ॅक्रिलिक फोमची चांगली टेप लावली तर ती खरोखर टिकते. पण निफाडकडे डिसेंबरात पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि लोक पहाटे निघायच्या आधी अंगणात टेप लावतात. दहा अंशांखाली ती पत्र्याला नीट धरतच नाही. दुपारी लावा, पत्रा हाताला कोमट लागला पाहिजे. पट्टीच्या पूर्ण लांबीवर अंगठ्याने जोर देऊन दाबा. पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात, तोवर गाडी धुऊ नका आणि हायवेला काढू नका. तीन दिवस थांबणं जमत नसेल तर टेप लावूच नका, दोरीने बांधून या आणि परत आल्यावर करा.

जुनी टेप काढायला हीट गनने जरा शेक द्या आणि मासेमारीची तंगूस दोन्ही हातांत धरून करवतीसारखी मागून फिरवा. पेचकस घालून उचकटलंत तर पट्टीला बाक येतो, तो परत सरळ होत नाही. संक्रांतीचा उरलेला नायलॉन मांजा यासाठी वापरायची युक्ती कुणीतरी सुचवतं. मांजावर बंदी आहे, बोटंही कापतात, तो घरात ठेवूच नका.

आणखी काही, थोडक्यात

क्षणात चिकटणारा गोंद: पत्र्यावर पांढरा डाग पडतो आणि पहिल्या गतिरोधकाला तुटतो.

खाकी किंवा कापडी टेप गुंडाळून "तात्पुरतं" करणं: ती मे महिन्याच्या उन्हात वितळते आणि चिकटा काढायला पट्टी बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

प्रेशरचा फवारा सांध्यावर धरणं: ब्युटाइलच्या मागे पाणी घुसवायचा याहून सोपा मार्ग नाही. गाडी साध्या पाइपने, वरून खाली धुवा.

पट्टीचे तुकडे एकमेकांना अगदी भिडवून बसवणं: अ‍ॅल्युमिनियम तापलं की वाढतं. सहा मीटर लांबीच्या पट्टीच्या तापमानात 40 अंशांचा फरक पडला तर ती साडेपाच मिलिमीटर लांब होते, आणि आपल्याकडे जानेवारीची पहाट ते मेची दुपार यांत एवढा फरक सहज पडतो. जागा नसेल तर पट्टी मधूनच कमान करून उठते. मी जोडाला दोन-तीन मिलिमीटर सोडतो आणि ती फट मऊ सीलंटने भरतो.

नवीन भोकं पाडणं: जुनी बुजवली नाहीत तर गळतीच्या जागा दुप्पट.

विनाइलची पट्टी ओढून बसवणं

ही चूक हौशी माणसाच्या हातून हटकून होते. विनाइल ताणलं की लांबतं, तुकडा पुरला म्हणून बरं वाटतं. एका उन्हाळ्यात ते आकसून मूळ लांबीवर येतं आणि टोकाचे दोन स्क्रू उघडे पडतात. वय झालं की विनाइल ताण न देताही आखडतं, म्हणून टोकाला बोटभर जास्त ठेवायचं आणि दुमडून पट्टीखाली घ्यायचं. बसवायच्या आधी ते कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवा. मऊ होतं आणि अंगठ्याने खाचेत जातं, ओढावं लागत नाही.

पण ते लगेच बसवू नका. स्क्रू आवळल्यावर ब्युटाइल हळूहळू दबतं आणि कडेने बाहेर येतं, त्यामुळे पहिल्या दिवशी घट्ट वाटलेले स्क्रू दुसऱ्या दिवशी थोडे ढिले लागतात. मी मधून सुरुवात करून टोकांकडे आवळत जातो, दुसऱ्या सकाळी परत एक फेरी करतो आणि बाहेर आलेलं ब्युटाइल प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाकतो. मग बागेच्या पाइपने खालून वर पाणी मारतो, प्रत्येक फुटावर दोन मिनिटं, आणि आत पोरगा टॉर्च घेऊन बसलेला असतो. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून आलं ते कळत नाही.

आत कोरडं राहिलं की ट्रेलर जोडून त्र्यंबकपर्यंत जाऊन येतो. परत आल्यावर एकेका स्क्रूला पेचकस लावून बघतो. एखादा तरी पाव वेढा घेतोच. तो घेतला की विनाइल बसवतो.