खनिज-रत्न प्रदर्शनात पहिल्यांदा जाताना: आधी खालून पाहा, मग वरून

वाशी रेल्वे स्थानकाजवळच्या सिडको प्रदर्शन केंद्रासारख्या मोठ्या दालनात खनिजे आणि रत्ने मांडली जाणार असली, की पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. दार उघडताच पोहोचा, कारण चांगला माल सकाळीच उचलला जातो, हा पहिला. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी जा, कारण तेव्हा सगळे अर्ध्या किमतीत मिळते, हा दुसरा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने अशा प्रदर्शनांना जाऊन मी पुरेसे पैसे वाया घालवले आहेत आणि त्यातला एकही रुपया चुकीच्या वेळी गेल्यामुळे बुडालेला नाही. जे बुडाले ते नमुन्याची फक्त दर्शनी बाजू पाहून पैसे दिल्यामुळे बुडाले.

दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग, ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी, एक कोरा पांढरा कागद, दोन-तीन रिकामे मिठाईचे डबे, जुनी वर्तमानपत्रे आणि थोडी रोकड एवढे सामान पुरते.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

संपूर्ण दालन एकदा काहीही न घेता फिरावे. एकाच प्रकारचा माल चार-पाच गाळ्यांवर हमखास असतो आणि त्याच्या किमतीत दुपटीचा फरक आढळणे मुळीच विशेष नाही. गाळ्याचा क्रमांक, नमुन्याचे नाव आणि सांगितलेली किंमत वहीत लिहीत जावी.

या फेरीत आपल्या मातीतला माल ओळखण्याकडे लक्ष द्यावे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर साचले, त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट गटातली खनिजे आणि त्यांच्या सोबतीची इतर खनिजे वाढवली. जळगाव आणि नाशिककडचे स्टिलबाइट, ह्यूलँडाइट आणि अ‍ॅपोफिलाइट, नाशिककडचेच सुईसारखे स्कोलेसाइट, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळेभोर कॅव्हन्साइट, मुंबईच्या जुन्या खाणींतले कापसाच्या बोंडासारखे ओकेनाइट आणि फिकट हिरवे प्रेह्नाइट ही नावे जगभरच्या संग्राहकांना तोंडपाठ आहेत. अमेरिकेतल्या टूसॉनला १९५५ पासून भरणाऱ्या प्रसिद्ध प्रदर्शनातही हा माल दरवर्षी मांडलेला असतो. असे असताना पहिल्यांदा येणारी बहुतेक माणसे ब्राझीलच्या जांभळ्या स्फटिकांपाशी गर्दी करतात, याचे मला अजूनही नवल वाटते. माझे मत स्पष्ट आहे: पहिली खरेदी महाराष्ट्रातल्याच खनिजाची करावी, कारण ते इथे मुबलक आहे, किमतीची तुलना करता येते आणि लहान पण निर्दोष नमुना परवडतो. शक्य असेल तर आधी नाशिकजवळच्या सिन्नरचे गारगोटी हे खनिजांचे संग्रहालय पाहून यावे. चांगला नमुना कसा दिसतो हे डोळ्यांत बसले, की गाळ्यावरचा सामान्य नमुना आपोआप सामान्य दिसू लागतो.

नमुना हातात घेतल्यावर

हाच टप्पा अवघड आहे आणि इथेच मी सर्वाधिक ठेचकाळले आहे. माझ्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनात मी फिकट गुलाबी स्टिलबाइटवर बसलेला कॅव्हन्साइटचा टपोरा निळा गोळा मोठ्या अभिमानाने विकत आणला. घरी आल्यावर त्यावरची धूळ काढण्यासाठी तो कोमट पाण्यात ठेवला आणि थोड्या वेळाने पाहते तर गोळा वेगळा आणि स्टिलबाइट वेगळे. कॅव्हन्साइट खरे होते, स्टिलबाइटही खरे होते. त्या दोघांची सोयरीक मात्र निसर्गाने नव्हे, डिंकाच्या नळीने जुळवली होती. पुढच्या एका प्रदर्शनात एका वयस्क विक्रेत्यापाशी मी हे बोलून दाखवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "ताई, आधी खालून बघा, मग वरून बघा." त्या दिवसापासून मी कोणताही नमुना त्याच क्रमाने पाहते.

नमुना उचलण्यापूर्वी विचारावे आणि उचलताना दोन्ही हातांनी खालच्या खडकाला धरावे, स्फटिकांना नव्हे. मग तो अलगद उलटा करावा. तळाशी काळसर किंवा राखाडी बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला खडक), तुटल्याच्या किंवा करवतीने कापल्याच्या खुणा दिसणे स्वाभाविक आहे. तळाला रंग फासलेला असेल, कागद किंवा कापड घट्ट चिकटवलेले असेल, किंवा खडकाच्या दोन तुकड्यांचा पोत एकमेकांशी जुळत नसेल, तर तिथेच थांबावे. तळाला कापड चिकटवण्याचे एखादे प्रामाणिक कारण असूही शकते, पण ते कारण विक्रेत्याने आपण विचारण्याआधी सांगायला हवे.

त्यानंतर भिंग काढावे. बहुतेक जण भिंग वर्तमानपत्र वाचण्याच्या काचेसारखे नमुन्यावर धरतात आणि स्वतः दूर उभे राहतात. त्यातून धुरकट रंगापलीकडे काहीही दिसत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवावे आणि नमुना भिंगाजवळ आणावा, भिंगाच्या हाताची बोटे नमुन्याच्या हाताला टेकवून दोन्ही हात स्थिर करावेत आणि दुसरा डोळाही उघडाच ठेवावा. हे घरी सैंधव मिठाच्या खड्यावर दोन संध्याकाळी करून पाहिले, की जमते.

भिंगातून नमुन्याच्या मध्यभागी पाहू नये, सांध्याकडे पाहावे. म्हणजे मोठा स्फटिक जिथे खालच्या खडकाला किंवा दुसऱ्या खनिजाला भेटतो ती रेषा सगळ्या बाजूंनी फिरून पाहावी. निसर्गात वाढलेला स्फटिक शेजाऱ्यांशी गुंतलेला असतो: त्याच्या पायथ्याशी लहान स्फटिक अर्धवट रुतलेले असतात आणि कुठे तो दुसऱ्यात शिरलेला असतो, तर कुठे दुसरा त्याच्यात. चिकटवलेला स्फटिक खळगीत ठेवलेल्या अंड्यासारखा बसतो आणि त्याच्याभोवती एकसारखी चकचकीत कड दिसते. त्या कडेत बारीक गोल बुडबुडे, अडकलेली धूळ किंवा सांधा झाकण्यासाठी भुरभुरलेला खनिजाचा चुरा दिसला, तर शंकेला जागा उरत नाही. विशेषतः एखादा देखणा, मोठा स्फटिक नेमका मध्यभागी, नेमका सरळ उभा आणि बाकीच्यांपासून अंतर राखून असेल, तर निसर्गाला इतकी सजावटीची हौस नसते हे लक्षात ठेवावे.

अतिनील विजेरी इथेच उपयोगी पडते, पण तिच्याविषयी भलत्याच कल्पना पसरलेल्या आहेत. टेबलाखाली किंवा जॅकेटच्या आडोशाला अंधार करून सांध्यावर झोत टाकल्यास अनेक गोंद निळसर-पांढरे चमकतात. तथापि सगळेच गोंद चमकत नाहीत आणि कॅल्साइटसारखी काही खनिजे स्वतःच चमकतात, त्यामुळे चमक दिसली म्हणजे खोटे आणि दिसली नाही म्हणजे खरे, असा निकाल लावणे चूक आहे. चमक कुठे आहे हे महत्त्वाचे: संपूर्ण स्फटिक उजळत असेल तर तो खनिजाचा गुण असू शकतो, फक्त सांध्यावर रेघेसारखी उजळत असेल तर तो बहुधा गोंद असतो. झोत कोणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नये.

नखाने, चाकूने किंवा नाण्याने ओरखडा काढून पाहण्याचा सल्ला जो देतो, त्याने कधी दुसऱ्याचा माल हाताळलेला नसावा. अ‍ॅपोफिलाइट एका दिशेने सहज चिरते आणि त्याची कठीणता मोसच्या एक ते दहाच्या प्रमाणावर साडेचार ते पाचच आहे; तुमच्या एका ओरखड्याने विक्रेत्याचा नमुना कायमचा बिघडेल आणि तुम्हाला त्यातून काहीच कळणार नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. नमुना काढताना तुटलेला स्फटिक त्याच्या मूळ जागी पुन्हा जोडणे ही फसवणूक नाही. ती दुरुस्ती आहे आणि चांगले विक्रेते चिठ्ठीवर तसे लिहितात. म्हणून "हा जोडलेला आहे का?" असे सरळ विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून मागावे. जो बिलावर लिहायला कचरतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

रंगाविषयी थोडे

गडद नारिंगी "सिट्रिन"चे (पिवळ्या स्फटिकाचे) गुच्छ बहुतेक वेळा भट्टीत तापवलेले अमेथिस्ट, म्हणजे जांभळे स्फटिक, असतात. टोके भाजल्यासारखी आणि बूड पांढरे असेल तर समजून जावे. आत स्फटिक असलेल्या चटक गुलाबी किंवा निळ्या पोकळ दगडी गोट्या रंगवलेल्या असतात, रंग भेगांत साचलेला दिसतो. सोनेरी चमचम करणारा तपकिरी "सनस्टोन" पुष्कळदा काच असतो. हे सगळे शोभेसाठी घ्यायला हरकत नाही, किंमत शोभेचीच असेल तर. रंग गाळ्याच्या दिव्याखाली ठरवू नये. परवानगी घेऊन नमुना पांढऱ्या कागदावर ठेवून दाराजवळच्या उजेडात पाहावा.

पैलू पाडलेले खडे

अंगठीसाठी माणिक, नीलम किंवा पुष्कराज घ्यायचा असेल तर पहिल्या भेटीत घेऊ नये. भेगांत शिशाची काच भरलेली स्वस्त माणके बाजारात भरपूर आहेत. अशी अंगठी घालून स्वयंपाकघरात लिंबू पिळत राहिल्यास ती काच झिजते आणि भेगा उघड्या पडतात. प्रयोगशाळेचा अहवाल नसेल तर महागडा खडा सोडून द्यावा, आणि भाव रत्तीत सांगितला तर कॅरटमध्ये विचारावा, कारण कॅरट म्हणजे सर्वत्र २०० मिलिग्रॅम, रत्ती मात्र दुकानागणिक बदलते.

घासाघीस सौजन्याने करावी. दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्यास किंमत कमी होते, एकीवर हटून बसल्यास होत नाही.

चिठ्ठी आणि डबा

पैसे देण्यापूर्वी नमुना कुठला आहे हे विचारून लिहून घ्यावे. "महाराष्ट्र" किंवा "डेक्कन" हे उत्तर नव्हे. गाव, तालुका आणि शक्य असल्यास खाण हवी. ठिकाण हरवलेला नमुना संग्राहकाच्या दृष्टीने निम्मा होतो. ती चिठ्ठी नमुन्याच्याच डब्यात टाकावी, पाकिटात नाही. पाकिटातल्या चिठ्ठ्या हरवतात किंवा भलत्याच नमुन्याला चिकटतात, हे मी माझ्याच कपाटाकडे पाहून सांगते.

स्टिलबाइटसारखे जाड पाकळ्यांचे नमुने वर्तमानपत्रात गुंडाळले तरी चालतात. सुईदार स्कोलेसाइट आणि केसाळ ओकेनाइट कशातही गुंडाळू नये, कापसात तर मुळीच नाही, कारण कापसाचे तंतू खनिजाच्या तंतूंत अडकतात आणि कापूस काढताना दोन्ही सोबत येतात. अशा नमुन्याचा फक्त तळ मिठाईच्या डब्यात वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी चारही बाजूंनी घट्ट बसवावा, वरचा भाग डब्याच्या झाकणाला कुठेही टेकू देऊ नये आणि डबा मांडीवर सपाट धरावा. ओकेनाइटला बोट लावायचे नाही आणि पाणीही नाही. भिजलेले तंतू चिकटून बसतात आणि पुन्हा फुलत नाहीत. संध्याकाळी सहानंतर वाशीहून ठाण्याच्या गाडीत हा डबा घेऊन चढण्याचे धाडस मी एकदाच केले. आता मी चारच्या आत निघते, मग शेवटच्या तासाची सवलत गेली तरी चालते.