हापूस स्वतः काढायला जाताय? मग निघायच्या आधी एवढं बघा

सगळ्यात आधी फोन. सुट्टी लागली म्हणून गाडी काढून डायरेक्ट रत्नागिरीकडे सुटायचं नाही, कारण कोकणात बऱ्याच बागा कराराने दिलेल्या असतात, म्हणजे जमीन एकाची आणि त्या वर्षीचा आंबा दुसऱ्याचा, आणि तुम्ही परवानगी घेतलेली असते भलत्याचीच. भाव डझनावर की पेटीवर तेही तेव्हाच विचारून घ्या, झाडाखाली उभं राहून घासाघीस बरी दिसत नाही. वेळ म्हणाल तर एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला पंधरवडा, एकदा पाऊस पडून गेला की फळमाशीचा त्रास वाढतो.

पोरांना घरीच सांगून ठेवा की झाडावरून तोडला आणि खाल्ला असं हापूसचं नसतं. तो काढतात चौदा आण्याला, म्हणजे तयार पण हिरवा, पिकतो नंतर आठ-दहा दिवसांनी. आमच्याकडे यावरून भोकाड पसरलं होतं, शेवटी बांधावरच्या रायवळाखाली, म्हणजे गावठी आंब्याच्या झाडाखाली, पडलेले आंबे चोखून प्रकरण मिटलं. मीठ-तिखटाची पुडी न्याच, कैरी कुठेतरी मिळतेच.

कपडे जुने आणि फुल बाह्यांचे. यात फॅशन करू नका, कारण देठ तुटला की जो चीक उडतो तो कातडीवर पडला तर भाजल्यासारखं होतं आणि कपड्यावरचा डाग जात नाही. हाताला आधीच खोबरेल चोळून जा. चप्पल नको, बूट घाला, कातळावर पाय सटकतो, आणि झाडावर ओंबील असतात, त्या लाल मुंग्या एकदा कॉलरमधून आत गेल्या की तुम्ही आंबे विसराल. टोपी, पाणी, एक जुना टॉवेल.

झेला, म्हणजे आंबे काढायची जाळी लावलेली लांब काठी, बागेत मिळतो, न्यायची गरज नाही. मिळाला तर ब्लेडवाला मागा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला त्याच प्रकारातला, आंबा देठासकट कापून जाळीत येतो. माझं म्हणणं असं की सगळी कमाई त्या देठातच आहे! बोटाच्या दोन पेरांएवढा देठ राहिला पाहिजे, तो मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात आणि तिथूनच आंबा सडायला लागतो. तयार फळ कसं ओळखायचं? खांदे भरून देठाच्या वर आलेले असतात आणि देठाशी खळगा दिसतो. डाऊट असेल तर बादलीत टाकून बघा, तयार आंबा बुडतो. झाडाला हिसडे देऊ नका, खाली पडलेला वेगळा ठेवा, वरून चांगला दिसला तरी आतून मार लागलेला असतो.

सकाळी दहाच्या आत उरका, नाहीतर मग चारनंतर. काढलेले आंबे तापलेल्या कातळावर मांडून फोटो काढत बसायचं नाही, उन्हाने आत साका होतो, कापल्यावर पांढरट स्पंजासारखं आंबट काहीतरी निघतं आणि वरून काही कळत नाही. लगेच सावलीत घ्या. मी एका वर्षी क्रेट डिकीत ठेवून जेवायला गेलो, दोन तास, उन्हात गाडी. पुढचं सांगत नाही.

परतीसाठी भोकांचे प्लास्टिक क्रेट आणि भाताचा पेंढा बागेतूनच मागून घ्या, शहरात पेंढा शोधत फिराल. घरी हवेशीर कोपऱ्यात आढी घाला, म्हणजे पेंढा पसरून त्यावर आंबे पिकायला मांडा, ढीग नको. एकदिवसाआड हात फिरवून पिकलेले बाजूला काढायचे. आणि हो, घमघमाट जिन्यापर्यंत जातो, तेव्हा शेजारच्यांचे दोन डझन आधीच धरून जास्तीचे काढा.