कबड्डीचा पंच चांगला की वाईट, कसं ओळखायचं

प्रभादेवी-लालबाग पट्ट्यात कुठल्याही मंडळाची स्पर्धा बघा, हरलेल्या टीमच्या मते पंच मॅनेज झालेलाच असतो. खरंच जोखायचा असेल तर आधी बसायची जागा बदला. मध्यरेषेचा निर्णय रेषेच्या टोकाशी बसलं तरच कळतो, दोन पंच तिथेच समोरासमोर उभे असतात. कोपऱ्यातून काढलेल्या मोबाईल व्हिडिओत हात रेषेपार गेलेला दिसला म्हणजे तो गेलाच असं नाही, उगाच नाचवू नका.

मग वही घ्या. वादाचा निर्णय आला की मिनिट, प्रकार, पंच कुठे होता ते लिहा, आणि शिट्टी वाजायच्या आधी तुम्हाला काय वाटलं तेही, कारण शिट्टीनंतर आपलं मत आपोआप आपल्या टीमकडे झुकतं.

सगळ्यात जास्त राडा बोनसवर होतो, म्हणजे बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या जादा गुणावर. समोर निदान ६ डिफेंडर हवेत, रेडरचा (चढाई करणाऱ्याचा) एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला हवा आणि तेव्हाच मागचा पाय हवेत हवा, म्हणजे पंचाला एका क्षणात दोन पाय बघायचे असतात. म्हणून निर्णय नका बघू, पंच बघा. चांगला पंच मान खाली घालून रेडरबरोबर सरकतो, कच्चा पंच जागेवरून अंदाज बांधतो (आणि हात मात्र झोकात वर करतो). लॉबीचं (मैदानाच्या दोन्ही कडेच्या पट्ट्यांचं) सोपंय, टच नसताना पाय टाकला तर बाद, टच झाला की लॉबीही मैदानातच धरतात, तेव्हा आधी टच कधी झाला ते बघा.

न वाजलेल्या शिट्ट्यांसाठी वेगळं पान ठेवा. दम तुटला, ३० सेकंद उलटले तरी चढाई चालूच, असल्या गोष्टी स्कोअरशीटवर कधीच दिसत नाहीत आणि मॅच बऱ्याचदा तिथेच फिरते.

शेवटी उघड चुका आणि अवघड निर्णय वेगळे करा. अवघड निर्णय चुकला तर सोडून द्या, पण तसाच प्रसंग समोरच्या टीमवर आला तेव्हा काय दिलं ते जरूर बघा. कार्डंही बघा, हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे २ मिनिटं बाहेर. नुसता ओरडणारा आणि कार्ड न काढणारा पंच असला की शेवटच्या ५ मिनिटांत मॅच हाताबाहेर जाते.

एका मॅचवरून काही ठरवू नका, तोच पंच वेगवेगळ्या टीमच्या चार-पाच मॅचना बघा. आणि वही ग्रुपवर टाकायच्या आधी समोरच्या मंडळाच्या एखाद्या जुन्या खेळाडूला दाखवा, तो मान्य करेल तेवढ्याच चुका ठेवा.