उतारवयातली गुडघेदुखी कमी कशी करायची: तेलं, पट्टे आणि फुकटचे सल्ले बाजूला ठेवून

सत्तरी ओलांडलीय, दोन्ही गुडघ्यांना ऑस्टिओआर्थरायटिस (म्हणजे सांध्याची झीज) आहे आणि सदाशिव पेठेत लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते, तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी समजते. तुम्ही डॉक्टरांना दाखवलंय आणि दुखणं याचंच आहे हे कळलंय असं धरून पुढचं लिहितेय. दाखवलं नसेल तर आधी ते करा, लेख कुठे पळून जात नाही. आणि गुडघा लाल-गरम होऊन सुजला, ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना, किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली तर यातलं काहीही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गुळगुळीत गादी, परत येत नाही, हे एकदा मान्य करून टाका म्हणजे अर्धे पैसे वाचतात. दुखणं मात्र कमी होतं, चांगलं कमी होतं. आणि एक्स-रे बघून हाय खाऊ नका. फोटोत गुडघ्याची पार वाट लागलेली दिसते आणि माणूस मंडईतून दोन पिशव्या घेऊन चालत येतो, उलट फोटो बरा असतो आणि माणूस कण्हत असतो, दोन्ही मी आमच्याच बिल्डिंगमध्ये बघितलंय. कट-कट आवाज येतो म्हणून घाबरणारेही खूप भेटतात. आवाजाबरोबर दुखत नसेल तर वाजू दे.

१. घर आधी

मांडी घालून आणि उकिडवं बसणं बंद. कमोड नसेल तर निदान मेडिकलच्या दुकानात मिळते ती कमोडची खुर्ची आणा, शेजारी भिंतीला धरायला दांडा. पूजा खुर्चीवर बसून केली तरी देवाला पोचते.

२. मलम आणि शेक

डायक्लोफिनॅक या दुखणं कमी करणाऱ्या औषधाचं जेल गुडघ्याला खरंच उपयोगी पडतं, पण लोक मोहरीएवढं लावतात, तेही रात्री एकदाच, आणि मग म्हणतात गुण नाही. दिवसातून तीन-चार वेळा, पाकिटावर दिलंय तेवढं, पूर्ण गुडघ्याला. लावल्यावर लगेच शेक घेऊ नका आणि वर पट्टा आवळू नका. शेक वेगळ्या वेळी घ्या, गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर गरम केलेली वाळूची पुरचुंडी, सकाळी आखडलेलं असतं तेव्हा छान वाटतं, डिसेंबर-जानेवारीत तर लागतोच. डायबेटिस असून पायाला बधिरपणा असेल तर पिशवी हाताने तपासून मगच लावा, भाजलेलं कळत नाही.

पोटातून घ्यायच्या पेनकिलरचं तेवढं ऐका. केमिस्टकडून स्वतःच्या मनाने आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. पोटात अल्सर, किडनीवर ताण, हृदयाला धोका, आणि आपल्या वयात बीपीची गोळी चालूच असते, त्यात लघवी जास्त होण्याची गोळी असेल तर किडनीला आणखी जड. थोडे दिवस, डॉक्टरांना सगळ्या चालू गोळ्या दाखवून, त्यांनी दिली तर घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा किडनीचं काही असेल तर जेलबद्दलसुद्धा विचारून घ्या.

३. मांडीचा स्नायू, सगळा खेळ इथेच आहे

आता इथे थांबून नीट वाचा, कारण बाकीचं सगळं कोणीही सांगतं आणि हे मात्र चिठ्ठीवर "एक्सरसाइज" एवढंच लिहून मिळतं.

मांडीच्या पुढचा जो मोठा स्नायू आहे तो पाऊल टेकताना, जिना उतरताना, खुर्चीवर बसताना गुडघ्यावरचा भार झेलतो. दुखतं म्हणून आपण पाय वापरणं कमी करतो, स्नायू वाळतो, मग भार थेट सांध्यावर येतो आणि आणखी दुखतं. हे चक्र मोडायचं तर स्नायूला काम द्यावंच लागतं. "मी रोज सारसबागेत दोन चकरा मारते की" असं मला सांगू नका. चालणं चांगलंच आहे, हृदयाला चांगलं, डोक्याला चांगलं, गुडघ्याचा आखडलेपणाही कमी होतो, चालूच ठेवा, पण नुसत्या सपाटीवरच्या चालण्याने मांडीत पुरेशी ताकद येत नाही.

सुरुवात पलंगावर. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि गुडघ्याने तो खाली दाबायचा, पाच आकडे मोजेपर्यंत, दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, थांबायचं, हळू खाली. हे सोपं आहे, आठवडा-दोन आठवड्यात जमतं, आणि बहुतेक लोक आयुष्यभर इथेच राहतात. ही बालवाडी आहे, पुढे जायचंय.

पुढे म्हणजे खुर्ची. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घ्या, प्लास्टिकची नको, ती सरकते. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर येत असतील तर वर एक घट्ट उशी टाका, गरज पडली तर दोन, उंची वाढली की दुखणं कमी होतं आणि याच एका युक्तीने कितीतरी लोकांचा व्यायाम सुरू होऊ शकतो जे "मला नाही बाई जमत" म्हणून सोडून देतात. पुढच्या कडेला सरकून बसा. पावलं कमरेएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्याच्या किंचित मागे. आता पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि मग उठा. मागे रेलून उठायला गेलात तर सगळा जोर गुडघ्यावर येतो आणि दुखतंच. हात मांडीवर ठेवलेत तरी चालेल, नंतर छातीवर दुमडा. गुडघे एकमेकांकडे आत वळू द्यायचे नाहीत. श्वास रोखायचा नाही, बीपीवाल्यांनी तर मुळीच नाही, उठताना तोंडाने सोडा.

आणि बसताना! सगळे उठण्यावर लक्ष देतात आणि बसताना धप्पकन सोडून देतात. चार आकडे मोजत हळूहळू खाली या, शेवटच्या वीतभरात तर आणखी हळू, तिथेच मांडी थरथरते आणि तिथेच ती घडते. थरथरली म्हणजे चुकलं असं नाही, काम होतंय. पाच वेळा करा, दम घ्या, परत पाच. हे सोपं वाटायला लागलं की एक उशी काढा.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. रोज करायची घाई करू नका, स्नायूला सुट्टीही लागते. चालायला जायचं ते रोज जा.

आता अवघड भाग, म्हणजे किती दुखलं तर चालेल. मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागला, आणि लोक व्यायाम सोडतात तेही इथेच. एक पंथ म्हणतो दुखलं की थांबा, दुसरा म्हणतो सहन करा, दोन्ही सल्ले कचऱ्यात टाका. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मापात व्यायाम करताना चार-पाचपर्यंत दुखणं गेलं तर चालतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर गुडघा नेहमीइतकाच दुखतोय तर काल बरोबर केलंत. नेहमीपेक्षा जास्त दुखतोय किंवा सुजलाय तर काल जास्त झालं, पुढच्या वेळी निम्मं करा. निम्मं, बंद नाही. बंद केलंत की पंधरा दिवसांत परत पलंगावरच्या टॉवेलपाशी येता. मात्र एकदम सुईसारखी कळ आली, गुडघा मध्येच अडकला किंवा पाय दगा देऊन मुडपला तर थांबा आणि डॉक्टरांना किंवा फिजिओला दाखवा, हे वेगळं प्रकरण असू शकतं.

मी हे कालनिर्णयवर पेन्सिलने लिहिते. चौकटीत किती वेळा उठले-बसले तो आकडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेजारी बाण, दुखणं वाढलं तर वर, कमी झालं तर खाली, तेवढंच असेल तर आडवा. मोबाइलचं अॅप नातवाने टाकून दिलं होतं, चष्मा शोधण्यातच वेळ जायचा. पेन्सिलचे बाण बघितले की एक गोष्ट डोळ्यात भरते, वर जाणारे बाण व्यायामाच्या दिवसांनंतर फारसे नसतात, ते असतात बऱ्या दिवसांनंतर. म्हणजे गुडघा बरा वाटला म्हणून आपण एका दमात माळा आवरतो, किंवा दिवाळीच्या चकल्या पाडत चार तास उभे राहतो, किंवा कुणीतरी पाहुणी आली म्हणून तिला घेऊन पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढून येतो, मग दोन दिवस आडवे. आणि दोष कुणाला, तर व्यायामाला. बऱ्या दिवशी हात आखडता घ्या आणि वाईट दिवशी थोडं तरी करा, चकल्या दोन दिवसांत वाटून घाला आणि घाण्यासमोर उंच स्टूल ओढा, उभं राहून तळलेली चकली जास्त खुसखुशीत होते असं काही नाही.

फरक कधी पडतो? सहा-आठ आठवडे धरा, नीट ताकद यायला तीन महिने. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

४. जिना आणि काठी

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही दुखत असतील तर जो जास्त दुखतो तो दुखरा. कठड्याला धरा, लाज नको. पेठेतल्या जुन्या वाड्यांचे जिने इतके उभे असतात की तिथे एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी.

काठी दुखऱ्या बाजूला धरणारे लोक बघितले की मला रस्त्यात थांबवून सांगावंसं वाटतं, आणि मी सांगतेही. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे. हात सरळ खाली सोडला की मुठीचा वरचा भाग मनगटाच्या घडीपाशी यायला हवा, सासऱ्यांची आहे म्हणून ती वापरू नका, उंची जुळत नाही. खालचं रबर झिजलं की बदला, पावसात ओल्या फरशीवर तेच वाचवतं.

बाहेर जायचं तर मेट्रो स्टेशनला लिफ्ट असते, ती वापरा, नसती फुशारकी नको. बालगंधर्वला नाटकाला गेलात तर कडेची खुर्ची मागा, अधूनमधून पाय सरळ करता येतो.

५. वजन

वजन जास्त असेल तर याला पर्याय नाही. एक किलो उतरवलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. दहा किलोचं स्वप्न बघू नका, वजनाच्या पाच टक्के उतरले तरी फरक कळायला लागतो. बटाटा वातूळ, हरभरा डाळ वातूळ, आंबट नको, असल्या याद्या पाळणाऱ्या आमच्या मैत्रिणी चतुर्थीला तुपातली साबुदाणा खिचडी ताटभर खातात, वर दाण्याचा लाडू. वरण, उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, हे हवंच, स्नायू हवेवर बनत नाही.

६. पैसे कुठे घालवू नका

ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्या, लोहचुंबकाचे पट्टे, टीव्हीवरची तेलं. तेलाने मालिश केल्यावर बरं वाटतं, ते चोळण्याने, बाटलीवरच्या किमतीने नव्हे, घरचं तिळाचं तेल पुरे. साधा निटेड नी-कॅप चालताना आधार वाटत असेल तर वापरा, दिवसभर नको. गुडघ्यात "वंगण" भरायचं इंजेक्शन मी घेणार नाही, आता बऱ्याच मार्गदर्शक तत्त्वांतही त्याची शिफारस नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, लग्नकार्य तोंडावर असेल आणि डॉक्टर म्हणत असतील तर ठीक, पण वारंवार नको.

आणि बिनलेबलच्या पुड्या. "एका पुडीत वात पळाला" असं ऐकलं की सावध व्हा, अशा चूर्णांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केलं तर अंगाशी येतं. आधीच घेत असाल तर तशीच पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

७. ऑपरेशन

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, घरातल्या घरात चालणं मुश्कील, आणि वरचं सगळं प्रामाणिकपणे काही महिने करूनही फरक नाही, मग गुडघा बदलण्याबद्दल बोला. एक्स-रेमध्ये "ग्रेड चार" (म्हणजे सगळ्यात जास्त झीज) लिहिलंय एवढ्यावरून तारीख घेऊ नका. आणि गरज असताना भीतीने वर्षानुवर्षं ढकलूही नका, मांडी पार वाळली की ऑपरेशननंतर उभं राहायला जास्त त्रास होतो. म्हणून तारीख ठरली तरी खुर्ची चालू ठेवायची. दुसरं मत घ्या, शक्यतो दुसऱ्या हॉस्पिटलमधलं. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर सरकारने २०१७ च्या ऑगस्टपासून मर्यादा घातली आहे, त्यामुळे पॅकेजचा एकच गोल आकडा ऐकून मान डोलवू नका, इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, त्याची किंमत किती, हे बिलात वेगळं लिहून मागा, आणि ऑपरेशननंतरचा फिजिओ घरी येणार का, किती दिवस, त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का, हे भरती होण्याआधी विचारा.