शेवटचं कधी घेतलं? वॉर्डात नव्या आलेल्या सिस्टरांसाठी

अ‍ॅडमिशनच्या वेळी आपण अ‍ॅलर्जी, चालू औषधं, शुगर, बीपी सगळं विचारतो. त्याच ओघात दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या आणि इतर नशेबद्दलही विचारायचं, आणि प्रत्येक पेशंटला विचारायचं. तोंडाला वास येतोय म्हणून एकालाच विचारलं, तर शेजारच्या बेडवरच्या आजी वर्षानुवर्षं रोज घेत असलेली झोपेची गोळी आपल्याला कळतच नाही. ती अचानक बंद झाली की आजींनाही फिट येऊ शकते.

नातेवाईक उशाशी उभे असताना "दारू पिता का?" विचारलं की उत्तर बहुतेक वेळा "छे, नाही" असंच येतं. म्हणून आधी कपडे बदलायचं निमित्त करून सगळ्यांना बाहेर पाठवायचं, पडदा ओढायचा. मग मी म्हणते, "हे मी सगळ्यांनाच विचारते, औषधं ठरवायला लागतं. दारू कितपत होते? बिअर, वाइन धरून सांगा." बिअरचं नाव मुद्दाम घ्यायचं, कारण कित्येकजण तिला दारूत धरतच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही 10 प्रश्नांची चाचणी शिकून घ्या. गुण 40 पैकी असतात आणि 8 किंवा जास्त आले तर पुढची चौकशी करायची. गर्दीच्या ड्युटीत तिचे पहिले 3 प्रश्नही चालतात. तिथे 12 पैकी पुरुषांना 4 आणि स्त्रियांना 3 गुण आले तरी दखल घ्यायची. इतर नशांसाठी अशीच 'असिस्ट' नावाची प्रश्नावली आहे. दारूबद्दलचीच चार प्रश्नांची 'केज' चाचणी पटकन होते, पण ती किती आणि किती वेळा हे विचारत नाही, म्हणून एकट्या तिच्यावर मी विसंबत नाही.

सगळ्यात मोलाचा प्रश्न मात्र शेवटचं कधी घेतलं हा. रोज भरपूर पिणारा माणूस हाड मोडून सर्जिकल वॉर्डात येतो आणि दारू एकदम तुटते. काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, पल्स वाढते. फिट साधारण 6 ते 48 तासांत येते. भ्रम, आरडाओरडा, चादरीवर किडे दिसणं हे बहुधा 48 ते 96 तासांत होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. दुखतंय म्हणून किंवा इन्फेक्शन म्हणून हे सहज खपून जातं. शंका आली की दोन्ही हात पुढे करून बोटं फाकवायला सांगा. कंप लगेच दिसतो, तळवे ओले लागतात. 'सिवा' स्कोअर (दारू तुटल्यावरची लक्षणं किती तीव्र आहेत ते मोजणारा) काढा आणि डॉक्टरांना तेव्हाच फोन करा, राउंडची वाट बघू नका. ग्लुकोजचं सलाईन लिहिलं असेल तर थायमिनचं (व्हिटॅमिन बी1) काय, हेही विचारा.

'ऑडिट'चा स्कोअर जास्त आला म्हणून उपदेश करू नका. "कमी करावंसं कधी वाटलं का?" एवढं विचारून ऐकून घ्या. त्याची परवानगी नसताना बायकोलाही सांगायचं नाही.

केस पेपरवर 'दारुडा' लिहू नका, प्रमाण आणि वेळ लिहा. हँडओव्हरलाही तेच: "रोज अर्धी बाटली व्हिस्की, शेवटची काल रात्री नऊला, आत्ता हात थरथरतायत." नाइटच्या सिस्टरला कशावर लक्ष ठेवायचं ते यातून कळतं.