पहिल्या ध्वनिमुद्रणात चढलेला पखवाज

अभंगांचा माझा पहिला अल्बम मी गावच्याच भजनी मंडळातील वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केला, आणि पहिल्याच दिवशी पखवाजाने आम्हाला अडवले. ऐन आषाढातल्या दमट हवेतून तो वातानुकूलित खोलीत आला, तिथल्या कोरड्या गारव्यात त्याचे चामडे ताणले गेले आणि पेटीच्या काळी चार या पट्टीला मिळवलेला सूर तासाभरात इतका चढला की, पेटीचे सूर बदलता येत नसल्यामुळे, दोन्ही वाद्ये एकत्र ऐकवेनात. डाव्या तोंडावर खर्जासाठी थापलेली कणीकही सुकून भेगाळली होती; खालचा घुमारा पार गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाद्य दोन तास आधीच खोलीत ठेवले, तापमान दिवसभर बदलू दिले नाही आणि मग पखवाज पुन्हा पेटीच्या सुरात लावला. पखवाज वाजवणाऱ्या काकांनी कणीक नव्याने मळली, पाण्याचा हात लावून ती मधोमध थापली आणि बोटाने चिमूटभर काढत, दर वेळी एक थाप देऊन कान लावला. त्यांची ती एकाग्रता मला आजही दिसते. प्रत्येक अभंगानंतर आम्ही सूर तपासत गेलो. टाळकऱ्यांना मात्र माइकपासून दूर, दाराजवळ उभे करावे लागले, तेव्हा कुठे काकांची थाप स्वच्छ उमटली.