महिन्यानंतरही आठवेल असे शिकवणे: शिक्षणसंशोधनाचा वर्गातील वापर

केंद्राच्या (शाळासमूहाच्या) शिक्षण परिषदेत संशोधनाचा विषय निघाला की बहुतेक शिक्षकांच्या मनात आधी वाढीव नोंदी आणि नवे रकाने येतात. प्रत्यक्षात अलीकडच्या सर्वांत भक्कम निष्कर्षांना त्यांपैकी काहीच लागत नाही. तासिकेतील वेळेची मांडणी तेवढी बदलावी लागते. पाठ संपताना वर्गाने बिनचूक उत्तरे दिली म्हणून तो पाठ महिन्यानंतरही आठवेल असे गृहीत धरू नये, हे एकदा पटले की पुढच्या साऱ्या कृती त्यातूनच सुचत जातात.

सुरुवात आठवून लिहिण्याच्या सरावापासून करावी. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने चारही सत्रांत उतारा वाचला, तर दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात तो वाचून उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर सांगता आला. परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘धडा पुन्हा एकदा वाचून या’ असे आपण सांगतो, तेव्हा मुलांना त्यांतला कमी टिकणारा मार्ग दाखवत असतो.

वर्गात हे असे करावे. हजेरी झाली की पुस्तके दप्तरात ठेवायला सांगून फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत: एक कालच्या पाठावरचा, एक मागच्या आठवड्यातला आणि एक महिन्यापूर्वीचा. महिन्यापूर्वीचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण मधल्या काळात विसरायला वाव मिळालेला असतो. प्रश्न शक्यतो कारण विचारणारा असावा. ‘प्रतिरोध पर्जन्य म्हणजे काय?’ याचे उत्तर पाठांतरावर निभावते. ‘नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीत पावसाळाभर पाऊस झोडपतो आणि त्याच जिल्ह्यातील येवल्यात पावसाची वाट पाहावी लागते, असे का?’ या प्रश्नाला सह्याद्री, वाऱ्यांची दिशा आणि पर्जन्यछाया यांची सांगड घालावीच लागते. सुरगाणा-पेठकडच्या मुलांनी हे उत्तर आधी घरच्या बोलीत मांडले तर ते मान्य करावे, कारण येथे कार्यकारणभाव तपासायचा आहे, प्रमाणभाषा नव्हे. प्रत्येकाने स्वतः लिहिल्यावरच उत्तर फळ्यावर मांडावे आणि मुलांनी आपले आपण दुरुस्त करावे. या सरावाला गुण देऊ नयेत. गुण आले की मुले शेजारच्या वहीत डोकावतात आणि आठवण्याचा खटाटोपच टळतो. अर्थात, जे मुळात नीट शिकवलेलेच नाही ते आठवायला लावून काहीही साधत नाही.

गणिताच्या शिक्षकांनी गृहपाठाची रचना बदलावी. एकाच सरावसंचातील दहाही उदाहरणे सरळव्याजाची असतील तर मुले प्रश्न न वाचताच सूत्र लावतात. डग रोरर आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील सातवीच्या ५४ वर्गांत केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महिन्याने घेतलेल्या चाचणीत मिश्र उदाहरणे सोडवलेल्यांना सरासरी ६१ टक्के, तर एकेक प्रकार सलग सोडवलेल्यांना ३८ टक्के गुण मिळाले. तेव्हा आजच्या घटकाची चार उदाहरणे द्यावीत आणि उरलेली सहा जुन्या घटकांतून निवडावीत. पहिल्या पंधरवड्यात मुले अडखळतील आणि पालकही विचारणा करतील. ही अडचण अपेक्षितच आहे, हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

नाशिकच्या शिक्षकांसाठी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास विशेष विचारात घेण्याजोगा आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले विक्रीचे किचकट हिशेब तोंडी अचूक करतात, पण तीच आकडेमोड शालेय पद्धतीने मांडली की अडतात. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचे नेमके उलट होते. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या वर्गात यावरून एक कृती करता येईल. समजा, कांद्याचा भाव क्विंटलला १,८५० रुपये असून माल १२ क्विंटल ४० किलो भरला. बाजार समितीत वडिलांबरोबर जाणारी मुलगी बहुधा दहा क्विंटलचे १८,५००, दोनचे ३,७०० आणि किलोला साडेअठरा रुपये धरून ४० किलोचे ७४० असे जोडत २२,९४० वर येईल. तिचे टप्पे तिच्याच शब्दांत फळ्यावर उतरवावेत, शेजारी १२.४ × १,८५० हा गुणाकार मांडावा आणि कोणता टप्पा गुणाकाराच्या कोणत्या ओळीत दडला आहे ते मुलांकडून शोधून घ्यावे. दुसऱ्या दिवशी क्रम उलटवावा: केवळ गुणाकार देऊन त्याला साजेसा बाजारातला व्यवहार रचायला सांगावे. अशा दुहेरी ये-जा करण्याला पाठ्यपुस्तकातील शाब्दिक उदाहरणे पुरत नाहीत, असे माझे मत आहे.

छोट्या गोष्टींपैकी दोन लगेच अमलात आणण्याजोग्या आहेत. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किमान तीन सेकंद थांबावे. शिक्षक सहसा एखाद्या सेकंदातच पुढच्या मुलाकडे वळतात, हे शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवले होते. तसेच निबंधाची वही तपासताना गुण आणि शेरा एकत्र न देता आधी शेरा देऊन दुरुस्ती करून घ्यावी, कारण गुण दिसले की शेरा वाचलाच जात नाही.

उलट, मुलांची ‘दृश्य’, ‘श्राव्य’ आणि ‘कृतिशील’ अशी विभागणी करून प्रत्येकाला वेगळे शिकवण्याचा आग्रह सोडून द्यावा. प्रशिक्षणांत अजूनही ती सांगितली जात असली, तरी २००८ मधील हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात तिला पुरेसा आधार सापडला नाही. त्या तयारीला लागणारा वेळ रोजचे तीन प्रश्न काढण्यासाठी वापरावा आणि ते टाचणातच लिहून ठेवावेत, म्हणजे घटक चाचणीच्या वेळी कोणता भाग पुन्हा घ्यायचा ते शोधत बसावे लागत नाही.